बाटलीवर 'मर्सो', आत शार्डोने, आणि तात्यांचे प्रश्न

मे महिन्यात आमचा पश्या सफर संपवून देवगडला घरी आला. क्रूझच्या किचनमध्ये असतो तो. फ्रान्सच्या मार्सेल बंदराला बोट लागली होती तेव्हा तिथल्या एका दुकानातून त्याने एक पांढऱ्या वाइनची बाटली उचलली, पंचेचाळीस युरोला, म्हणजे आपले साडेचार हजार धरा. आणून पडवीत ठेवली आणि तात्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी, चष्मा लावून ती उलटसुलट करून बघितली. तात्यांचं सगळं आयुष्य हापूसच्या बागेत गेलेलं, त्यामुळे कुठल्याही मालाचं लेबल ते आधी वाचतात आणि मग माणसाचं तोंड. म्हणाले, "हेच्यार द्राक्षाचा नावच नाय मरे. आणि साडेचार हजार? तेवढ्यात पेटी येता."

पश्याला काही सांगता येईना, तो म्हणाला शार्डोने आहे, जुन्या घराण्याची आहे, भारी असते. मी नाशिकला एका वाइनरीत चार वर्षं काढलीत, म्हणून चेंडू माझ्याकडे आला. त्यातच सध्या युरोपशी करार, वाइनवरची ड्युटी उतरणार वगैरे बातम्या येतायत, म्हणजे हा प्रश्न एकट्या तात्यांचा नाही. तर तात्यांना दोन संध्याकाळी जे सांगितलं तेच इथे लिहितोय, त्यांच्या शंकांसकट.

माडीपासून सुरू करू

माडाच्या पोयीतून सकाळी काढलेली ताजी नीरा गोड असते. तीच मडक्यात दुपारपर्यंत राहिली की फेस धरते, संध्याकाळी तिची माडी झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी आंबट ढाण. नीरेची माडी कोणी करत नाही, हवेतले आणि मडक्यातले यीस्ट करतात. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, ते साखर खातात आणि बदल्यात अल्कोहोल आणि गॅस सोडतात. वाइन म्हणजे द्राक्षाच्या रसाचं हेच, बाकी काही नाही. फरक एवढाच की माडी एका दिवसाची आणि वाइन नीट केली तर वर्षानुवर्षं टिकते, कारण द्राक्षात साखर आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात, आणि वाइन करणारा माणूस हवा आत जाऊ नये म्हणून जीव टाकतो. हवा गेली की माडीचं जे दुसऱ्या दिवशी होतं तेच तिचं होतं.

पांढरी वाइन करताना द्राक्षं दाबून रस आधी वेगळा काढतात आणि सालं बाजूला टाकतात, मग रस आंबवतात. लाल वाइनमध्ये सालांसकट आंबवतात, रंग सालातून येतो. झालं, एवढं कळलं की पुढचं सोपं आहे.

शार्डोने हे कलम आहे, आणि त्याची आई रायवळ

शार्डोने हे द्राक्षाच्या जातीचं नाव. फ्रान्सच्या पूर्वेला बरगंडी म्हणून भाग आहे, तिथली ही जात, आणि तिथे शार्डोने नावाचं गावसुद्धा आहे. आता ही जात आली कुठून यावर लोक कितीतरी वर्षं कथा सांगायचे, कोणी म्हणायचं धर्मयुद्धाला गेलेल्या सरदारांनी पूर्वेकडून आणली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी डीएनए तपासून सांगितलं की बाबांनो, एवढं लांब जाऊ नका, हिचे आईबाप शेजारचेच, एका बाजूला पिनो, म्हणजे बरगंडीतल्या लाल वाइनची खानदानी जात, आणि दुसऱ्या बाजूला गुए ब्लां नावाची पांढरी जात. ही गुए ब्लां म्हणजे शेतकऱ्याच्या घरची, भरपूर पिकणारी, दर्जाला हलकी म्हणून कोणी विचारत नसलेली. शेजारीशेजारी लावलेल्या वेलींचा कधीतरी आपोआप संकर झाला आणि जगातली सगळ्यात मानाची पांढरी जात निघाली.

तात्यांना हे भलतंच आवडलं, कारण बागेत त्यांच्या डोळ्यासमोर हेच असतं. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, काय येईल ते नशीब, म्हणून आपण रायवळच्या रोपावर हापूसचं कलम बांधतो. द्राक्षाचं तसंच. बी लावून शार्डोने येत नाही, काडी लावावी लागते. आणि काडीसुद्धा आता सरळ जमिनीत लावत नाहीत, कारण १८६० च्या दशकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची मूळ खाणारी कीड फ्रान्समध्ये आली आणि मळेच्या मळे बसले. त्यावर उपाय निघाला तो म्हणजे कलम, खाली अमेरिकन वेलीचं मूळ आणि वर फ्रेंच काडी. आपल्या नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले डॉगरिज नावाच्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर डोळा भरतात ते त्याच घराण्यातलं काम. म्हणजे साडेचार हजाराच्या त्या बाटलीच्या मुळाशी, अगदी शब्दशः, अमेरिकन रायवळ आहे.

मग एवढी वेगवेगळी चव येते कुठून?

इथे खरी गंमत आहे आणि सगळा लेख मी ह्याच एका गोष्टीसाठी लिहितोय म्हणा. शार्डोने हे द्राक्ष स्वभावाने गप्प आहे. मस्कत द्राक्षाची वाइन नाकाशी धरली की डोळे मिटून ओळखता येते, शार्डोनेचं तसं नाही, तिचा स्वतःचा वास फार कमी. ती तांदळासारखी आहे. त्याच तांदळाची पेज होते, घावन होतं, मोदकाची पारी होते, शिरवाळे होतात, आणि कोणाला घावन खाऊन "वा, काय तांदूळ" असं पहिल्यांदा सुचत नाही, हात कोणाचा ते सुचतं. शार्डोनेत तुम्हाला जे लागतं ते जागेचं आणि हाताचं असतं. म्हणून ह्याच द्राक्षाची एक बाटली लिंबासारखी चरचरीत आणि दुसरी लोण्यासारखी जाड.

हात म्हणजे नेमकं काय, तर तीन गोष्टी.

पहिली, लोणी. द्राक्षात मॅलिक ॲसिड असतं, हिरवं सफरचंद चावल्यावर जिभेच्या कडेला झोंबतं ना, ते. रस आंबून झाल्यावर एक वेगळा जिवाणू येऊन ह्या झोंबणाऱ्या ॲसिडचं लॅक्टिक ॲसिड करतो, म्हणजे दह्यातलं मऊ आंबट. हे होताना डायअसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो आणि ताज्या लोण्याला जो वास असतो त्यातला मोठा भाग ह्याच पदार्थाचा. म्हणजे शार्डोनेला बटरी म्हणतात ती कविता नाही, तोच पदार्थ आहे. वाइन करणारा ठरवतो हे होऊ द्यायचं की नाही, की अर्ध्यावर थांबवायचं.

दुसरी, लाकूड. ओकच्या पिंपात वाइन ठेवली की तिला व्हॅनिला, भाजलेला पाव, कधी नारळाच्या चुडताच्या धुरासारखा वास लागतो, कारण पिंप बनवताना आतून विस्तवावर भाजतात. नवं पिंप जास्त वास देतं, तीनचार वर्षं वापरलेलं जवळजवळ काहीच देत नाही, तरी ते ठेवतात कारण लाकडातून अगदी थोडी हवा आत जाते आणि वाइन हळूहळू गोलावते. नव्या मडक्यातलं पाणी आणि जुन्या मडक्यातलं पाणी, तसा फरक.

तिसरी, साका. आंबवण संपलं की मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. घाईतला माणूस ते लगेच काढून टाकतो. जुनी घराणी वाइन त्या साक्यावरच महिनोनमहिने ठेवतात, अधूनमधून काठीने ढवळतात, आणि त्याने वाइनला एक भरीवपणा येतो, सायीसारखा. दर पिंपात काठी घालून ढवळायला माणूस लागतो आणि वर्षभर पैसे अडकून राहतात, हे लक्षात ठेवा, पुढे किमतीत येणार आहे.

शंका: हे सगळं स्वस्तात नाही का करता येत?

येतं ना. स्टीलच्या टाकीत ओकच्या लाकडाचे तुकडे पिशवीत बांधून सोडतात, चहाच्या पुरचुंडीसारखे, की झाला व्हॅनिलाचा वास. युरोपातही २००६ पासून ह्याला परवानगी आहे. सगळ्याच वेळी वाईट लागतं असंही नाही. पण नव्वदच्या दशकात ह्या लाकडाच्या आणि लोण्याच्या वासाचा जगभर इतका अतिरेक झाला की लोक बारमध्ये जाऊन सांगायला लागले, शार्डोने सोडून काहीही दे. द्राक्ष बिचारं गप्पच होतं, बडबड लाकडाची होती.

"पन बाटलयेर नाव खय हा?"

आता तात्यांचा मूळ मुद्दा. लेबलवर मोठ्या अक्षरात होतं मर्सो. मर्सो हे बरगंडीतल्या एका गावाचं नाव. तिथे पद्धत अशी की लेबलवर द्राक्ष नाही, जागा लिहायची. मर्सोची पांढरी म्हटली की ती शार्डोनेच असणार हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आपण पेटीवर नुसतं 'देवगड' लिहिलं तर आत फणस असेल असं कोणाला वाटतं का? तसं.

आणि जागेलाही पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली नुसतं बूर्गोन्य, म्हणजे अख्ख्या भागातलं कुठलंही. मग गावाचं नाव. त्यावर प्रमिए क्रू, म्हणजे गावातले नावाजलेले तुकडे. आणि सगळ्यात वर ग्रां क्रू, ज्यात बरगंडीच्या एकूण वाइनपैकी एक-दोन टक्केच माल येतो. हे म्हणजे आधी कोकणचा हापूस, मग देवगडचा हापूस, मग देवगडात कातळावरचा हापूस, आणि मग अमक्या सड्यावरची अमक्याची बाग. आपल्याला २०१८ मध्ये हापूसचं भौगोलिक मानांकन मिळालं, ते पहिल्या पायरीचं काम झालं, पुढच्या पायऱ्या अजून आपण तोंडीच सांगतो. फ्रेंचांनी त्या १९३० च्या दशकापासून कायद्यात लिहून घेतल्या.

शंका: मातीची चव वाइनमध्ये उतरते, ही थाप नाही का?

अर्धी थाप आहे, अर्धी नाही. बरगंडीच्या उत्तर टोकाला शाब्ली म्हणून गाव आहे, तिथेही फक्त शार्डोने. तिथली जमीन म्हणजे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्राचा तळ, ढेकूळ फोडलं तर आत बारीक बारीक कालवांच्या शिंपल्या दिसतात, स्वल्पविरामाच्या आकाराच्या. मग विक्रेते सांगतात की शाब्लीत त्या शिंपल्यांची, समुद्राची चव येते. तसं नसतं हो. वेलीची मुळं शिंपल्याची चव शोषून द्राक्षात नेऊन ठेवत नाहीत, ती पाणी आणि विरघळलेली मूलद्रव्यं घेतात, आणि त्यांचं प्रमाण चव लागण्याइतकं नसतं.

पण जमीन दुसऱ्या वाटेने काम करते. पाणी किती धरते, किती सोडते, लवकर तापते का, उतार कुठल्या दिशेला आहे. कातळावरच्या आंब्याचं तेच ना, सुरुंग लावून खड्डा केला, माती भरली, झाड वाढायला कष्ट पडतात, पाणी साठून राहत नाही, कातळ तापतो, आणि फळ लहान पण गच्च गोडीचं. खाली मळ्यात तेच कलम लावा, झाड दांडगं होईल आणि आंबा पाणचट. कातळाची चव आंब्यात येत नाही, कातळाने केलेली चव येते. ह्यावर तात्या काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, म्हणजे पटलं.

शाब्लीत थंडी जास्त म्हणून द्राक्षात आंबटपणा टिकतो, आणि तिथले बहुतेक लोक नवं लाकूड टाळतात, म्हणून ती धारदार लागते. मर्सो त्याच्या दक्षिणेला, जरा उबदार, आणि तिथे पिंपाची पद्धत, म्हणून भरलेली, बदामाच्या अंगाची. द्राक्ष तेच.

घराणं, आणि सातबारावरची चाळीस नावं

पश्या म्हणाला होता जुनं घराणं. हे प्रकरण कोकणातल्या माणसाला कुठल्याही पॅरिसवाल्यापेक्षा लवकर कळेल.

बरगंडीतल्या चांगल्या जमिनी शेकडो वर्षं मठांच्या आणि सरदारांच्या होत्या. १७८९ ची राज्यक्रांती झाली, चर्चच्या जमिनी जप्त होऊन लिलावात गेल्या. पाठोपाठ १८०४ मध्ये नेपोलियनचा कायदा आला आणि त्यात वारसाहक्क सगळ्या मुलांना सारखा. झालं सुरू. बापाचे दहा गुंठे, चार मुलं, मग त्यांची मुलं. आज मोंत्राशे म्हणून जो शार्डोनेचा सगळ्यात मानाचा तुकडा आहे, तो आहेच मुळात आठ हेक्टर, म्हणजे वीसेक एकर, आणि त्याला दीड डझनाच्या आसपास मालक. लाल वाइनचा क्लो द वूजो नावाचा पन्नास हेक्टरचा कुंपणातला मळा आहे, त्यात ऐंशीच्या घरात मालक. काहींच्या वाट्याला वेलींच्या दोनचार ओळी.

"म्हणजे आमचीच भावबंदकी ती," तात्या म्हणाले, आणि मग अर्धा तास त्यांनी वरच्या सड्यावरच्या सामायिक बागेचा इतिहास सांगितला, कोणाची सही कधी मिळाली नाही आणि कोण मुंबईहून फक्त आंबे न्यायला येतो. तो इथे लिहीत नाही.

तर अशा ठिकाणी जमीन तुटू न देता पिढ्यानपिढ्या धरून ठेवणं हीच मोठी गोष्ट. लफ्लेव्ह घराणं पुलिनी-मोंत्राशे गावात १७१७ पासून आहे. लुई लातूर हे घर १७९७ पासून, आणि ते स्वतःची ओकची पिंपंसुद्धा स्वतःच्या कारखान्यात बनवतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लिव्हरमोर खोऱ्यात वेंटे म्हणून कुटुंब आहे, १८८३ पासून. त्यांनी १९१२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएहून शार्डोनेच्या काड्या मागवल्या, लावल्या, त्यातल्या चांगल्या वेली निवडत राहिले, आणि आज कॅलिफोर्नियातली बहुतेक शार्डोने त्या वेंटेच्या काडीची पोरं-नातवंडं आहेत. मध्ये १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा चर्चच्या विधीसाठी लागणारी वाइन करून ते तगले. एखाद्याच्या बागेतल्या एका चांगल्या झाडाचे डोळे अख्ख्या तालुक्याने नेले, तसलं ते काम.

घराणं असण्याचा खरा फायदा काय, तर आठवण. कुठल्या कोपऱ्यातली ओळ आठ दिवस आधी पिकते, कुठल्या वर्षी एप्रिलमध्ये दव गोठलं आणि काय केलं तेव्हा. शार्डोनेला पालवी लवकर फुटते म्हणून एप्रिलच्या थंडीत ती आधी मरते, २०२१ च्या एप्रिलमध्ये बरगंडीत असंच मोठं नुकसान झालं, लोक रात्रभर मळ्यात मोठ्या मेणबत्त्या लावून बसले होते. आपल्याकडे मोहोर आला आणि ढगाळ झालं की तुडतुड्याच्या भीतीने झोप उडते, तशीच ती रात्र.

लेबलवर एक बारीक ओळ बघायची, 'मीझ आं बूतेय ओ दोमेन', म्हणजे मळ्यावरच बाटलीत भरलेली. ही नसेल तर बहुधा व्यापाऱ्याने इतरांकडून द्राक्षं नाहीतर तयार वाइन विकत घेऊन स्वतःच्या नावाने भरलेली. त्यात वाईट काही नाही, लुई लातूरसारखी घरं दोन्ही करतात. पण बागायतदाराची पेटी आणि दलालाची पेटी ह्यातला फरक माहीत असलेला बरा.

शंका: घराणं जुनं म्हणून वाइन चांगलीच, असं थोडंच आहे?

नाहीच. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये एक चाचणी झाली, नावं झाकून, फ्रेंच परीक्षक. पांढऱ्या वाइनमध्ये बरगंडीच्या नामांकित शार्डोने एका बाजूला आणि कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या बाजूला. पहिली आली शातो माँतेलेनाची १९७३ ची शार्डोने, कॅलिफोर्नियाची, जी वाइनरी नव्याने सुरू होऊन चार वर्षं झाली होती. परीक्षकांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार.

दुसरं याहून वाईट. १९९५-९६ च्या हंगामापासून बरगंडीच्या भल्याभल्या घराण्यांच्या महागड्या पांढऱ्या बाटल्या दहा-पंधरा वर्षं टिकायच्या त्या पाचसहा वर्षांतच तपकिरी व्हायला लागल्या, कापलेलं सफरचंद काळं पडतं तशा. ह्याला प्रीमॉक्स म्हणतात, म्हणजे वेळेआधी हवा लागणं. कारण एक नाही सापडलं, बुचांवर संशय, रस फार हळुवार दाबण्यावर संशय, सल्फर कमी घालण्यावर संशय. आणि एकाच खोक्यातली एक बाटली मस्त, शेजारची मेलेली. घराण्याच्या नावाने पैसे देताना हे डोक्यात असू द्यावं.

मग साडेचार हजार कसले?

थोडं बोटांवर मोजू. बरगंडीचं पिंप २२८ लिटरचं, म्हणजे साधारण तीनशे बाटल्या. नव्या पिंपाला हजार युरोच्या आसपास धरा, तर बाटलीमागे तीन-सव्वातीन युरो नुसत्या लाकडाचे. वर एक-दीड वर्षाची मजुरी आणि अडकलेला पैसा. बाटली, बूच, खोकं. हे सगळं धरूनही पंचेचाळीस होत नाहीत. उरलेले पैसे मर्सो ह्या नावाचे आहेत, म्हणजे जमीन तेवढीच आणि घेणारे जगभर, त्याचे. हा भाग ग्लासात नसतो. चुकीचा आहे असं नाही म्हणत मी, सुरुवातीच्या हंगामातली पहिली पेटी आपण कुठल्या भावाने विकतो ते आठवा.

आता तीच बाटली रीतसर आयात होऊन आली तर वेगळीच मजा. वाइनवर आपल्याकडे १५० टक्के ड्युटी. २०२१ च्या बजेटनंतर तिची फोड अशी, ५० टक्के मूळ कस्टम्स आणि १०० टक्के शेती पायाभूत सुविधांचा सेस. बंदरावर हजार रुपयांची बाटली ड्युटी भरून अडीच हजाराची झाली, मग आयात करणारा, ठोक विकणारा, दुकानदार, राज्याचे कर, प्रत्येकाचा टक्का त्या अडीच हजारावर बसतो, हजारावर नाही.

ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला ड्युटी लगेच १०० टक्क्यांवर आली आणि दहा वर्षांत ५० वर जाणार, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला ७५ वरून २५ वर. पाच डॉलरच्या खालच्याला काही नाही. ही खालची रेघ मुद्दाम मारलीये, नाहीतर पाण्याच्या भावाची वाइन येऊन नाशिक-सोलापूरच्या वाइनवाल्यांना बसवेल. युरोपियन युनियनच्या कराराची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली, त्यातही ड्युटी टप्प्याटप्प्यानेच उतरायची आहे. म्हणजे बातमी वाचून उद्या दुकानात गेलात तर जुनाच भाव दिसेल.

"आपल्या हय होयत काय?"

कोकणात नाही. दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर्षभर दमट, वेलीवर भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग ठाण मांडून बसतील. घाटावर होते. अकलूजला फ्रातेल्ली वाइनरीवाले शार्डोने करतात, पिंपात आंबवलेलीसुद्धा. पण घाटावर वेल झोपत नाही, थंडीच तेवढी नसते, म्हणून वर्षातून दोनदा छाटायची, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळाची, म्हणजे द्राक्षं जानेवारी-मार्चमध्ये येतात. रात्री थंड मिळाल्या तर आंबटपणा टिकतो. नाशिकमध्ये मात्र शनँ ब्लां आणि सोव्हिन्याँ ब्लां ह्या पांढऱ्या जाती जास्त, त्या उन्हाला शार्डोनेपेक्षा सरावल्यात असं माझं मत.

शंका: वाइन म्हणजे दारू नाही, असं म्हणतात ना?

२०२२ मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला आणि विरोध होऊन अडकला, तेव्हा हे वाक्य खूप ऐकलं. हिशोब करा. ७५० मिलिलिटर, १३ टक्के, म्हणजे साडेसत्याण्णव मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ६५० ची पाच टक्के बिअर म्हणजे साडेबत्तीस. तीन मोठ्या बिअर बरोबर एक बाटली. द्राक्षाची आहे, शेतकऱ्याची आहे, सगळं खरं, पण दारू आहे. हृदयाला चांगली वगैरे पण सोडा, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगून टाकलंय की सुरक्षित असं प्रमाणच नाही.

उघडली एकदाची

त्याआधी माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशीच एक चांगली शार्डोने मी घरी फ्रिजच्या वर ठेवली होती, उभी, एप्रिल-मे पूर्ण. फ्रिजच्या वर म्हणजे घरातली सगळ्यात गरम जागा, आणि वरून पुढच्या खिडकीतून ऊन. जूनमध्ये उघडली तर रंग चहासारखा आणि वास जुन्या गुळाच्या ढेपेचा. भात शिजवायला पण नाही वापरली. तेव्हा पश्याच्या बाटलीला मी आल्या दिवशीच माजघरातल्या कपाटात आडवी केली, बूच ओलं राहायला हवं म्हणून आडवी.

थंड किती करायची हा पण घोळ असतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली तर वास येतच नाही, जीभ बधिर, साडेचार हजार पाण्यात. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं टेबलावर ठेवायची, साधारण बारा-तेरा डिग्रीला ती तोंड उघडते. देवगडच्या मेमध्ये दहा मिनिटं पुरतात.

बरोबर काकीने कालवं केली होती, सुकी, ओलं खोबरं घालून, आणि सुरमईचं तिखलं. कालवांबरोबर ठीक, पण तिथे खरी मजा शाब्लीची आली असती, आंबट धारेची. तिखल्याबरोबर मात्र फसली, मिरची आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, लाकडाचा वास मध्येच कडवट लागतो, पश्याने तर निम्म्यात सोलकढी घेतली. सगळ्यात जमली ती काकीने पोरांसाठी केलेल्या बिनतिखटाच्या ओल्या काजूगरांच्या भाजीबरोबर, नारळाच्या रसात, नुसतं मीठ आणि हळद. दोघींना सायीचं अंग, दोघींत काजू-बदामाचा वास. हे कुठल्या पुस्तकात नाही मिळणार.

तात्यांनी दोन घोट घेतले, तोंडात फिरवून, आंबा तपासताना वास घेतात तसा वास घेऊन. म्हणाले, "वाईट नाय. पयल्यांदा कायच बोलना नाय, मगे हळूहळू बोलता." आणि किती वर्षांची बाग असेल ते पश्याला विचारलं, ते त्याला माहीत नव्हतं.

बाटली आता कोकमाच्या आगळाने भरलीये, काकीने ते फ्रेंच बूच उकळत्या पाण्यातून काढून परत बसवलंय. लेबल तसंच आहे, मर्सो. फ्रिजवर नाही ठेवलेली.